यंदा किल्ल्याऐवजी मुकुंदऱ्याची खिंड करा

आमच्या इंदुरात दिवाळीला जो तो रायगड नाहीतर प्रतापगड करतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. गेल्या वर्षी पोरांना म्हटलं, आपल्या यशवंतराव होळकरांनी 1804 साली इंग्रजांच्या कर्नल मॉन्सनला पार आग्र्यापर्यंत पळवला, ते मांडू. किल्ला नाही, बुरूज नाही, नुसता रस्ता. गनिमी कावा रस्त्यावरच दिसतो.

जागा लांबट घ्या. दहा फूट बाय तीन पुरे. दक्षिणेचं टोक माळव्याचं. तिथून दोन फुटांवर विटा रचून, वर ओलं गोणपाट टाकून दोन समांतर डोंगररांगा करा. त्यांतून जाणारी वाट म्हणजे मुकुंदऱ्याची खिंड. अळीव पाच दिवस आधी पेरा. पुढे कोटा, मग चंबळ, मग बनास. आग्रा आम्ही ओट्याच्या पायरीवर ठेवलं. नद्यांखाली प्लास्टिक अंथरा. मी विसरलो, आणि चंबळ थेट शेजारच्या वहिनींच्या रांगोळीत शिरली. त्या भाऊबीजेपर्यंत बोलल्या नाहीत.

खरी मेहनत कोट्यापुढच्या चिखलावर करा. इथे आपली काळी मातीच हवी, मुरूम चालायचा नाही. चाळून, पाणी घालून श्रीखंडाइतकी सैल कालवा आणि खेळण्यातली तोफ त्यात आसापर्यंत दाबा. पावसाळ्यात मॉन्सनच्या तोफा अशाच रुतल्या; शेवटी त्यांच्या कानात, म्हणजे बत्ती द्यायच्या भोकात, खिळे मारून त्या तिथेच सोडाव्या लागल्या. आमच्या एका पोराने तोफ ओढून पाहिली, तर चाकच हातात आलं. त्याला वेगळं काही समजवावं लागलं नाही.

माळव्याच्या टोकाला धान्याच्या चिमुकल्या पिशव्या ठेवा, पण रिकाम्या. मॉन्सन काही लढाई हरून मागे फिरला नव्हता. दाणागोटा संपत आला होता आणि होळकर चंबळ उतरून येताहेत अशी खबर होती. कोट्याची वेस बंद दाखवा. तिथला कारभारी जालिमसिंह, त्याने मॉन्सनच्या फौजेला शहरात घेतलं नाही.

माणसं सगळ्यांत शेवटी. मॉन्सनचे शिपाई दाटीवाटीने, रस्ता धरून. होळकरांचे स्वार चार-चार, पाच-पाचच्या टोळ्यांनी, मागे आणि दोन्ही बगलांना, बंदुकीपासून वीतभर लांब. समोरासमोर रांग लावलीत की सगळं फसलं. घोडे कमी पडले तर बुद्धिबळातले घ्या. सगळ्यांत जास्त घोडे बनासेवर लागतील. नदी भरलेली, निम्मी फौज पलीकडे, निम्मी अलीकडे, आणि स्वार वरून-खालून उतार शोधून पार झालेले.

‘काका, पण लढाई कुठाय?’ असं येणारा प्रत्येक जण विचारतो. म्हणून खिंडीच्या दक्षिणेला ‘8 जुलै’ आणि आग्र्यापाशी ‘31 ऑगस्ट’ अशा पाट्या लावा. मधले जवळजवळ आठ आठवडे, तीच लढाई. युरोपात अशा गनिमी काव्यासाठी ‘गेरिला’ हा स्पॅनिश शब्द गाजला तो 1808 नंतर, हेही जाता जाता सांगायला हरकत नाही.

पायरीच्या पलीकडे मी फर्रुखाबादही केलं. 17 नोव्हेंबर 1804. इंग्रजांचा सरसेनापती लॉर्ड लेक रातोरात घोडदौड करून आला आणि होळकरांची छावणी पहाटे बेसावध सापडली. घरात यावरून वाद झाला, सणासुदीला हे कशाला म्हणून. मी घोडे आडवे मांडले. नातू रोज रात्री ते उभे करून झोपायचा आणि मी सकाळी चहाआधी पुन्हा आडवे करायचो.