धुराड्याच्या दुरुस्तीसाठी शिडी की परांची? भाड्याने घेताना या चुका टाळा

आमचं घर इंग्लंडमधलं, १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक असलेलं. गेल्या हिवाळ्यात वरच्या झोपायच्या खोलीत, धुराड्याच्या भिंतीवर ताटाएवढा ओलावा उमटला. अंगणातून दुर्बिणीने पाहिलं तर धुराड्याच्या डोक्यावरचा सिमेंटचा थर तडकला होता आणि विटांमधल्या दरजा मोकळ्या झाल्या होत्या. काम गवंड्याचं, जेमतेम दोन दिवसांचं. अडलं ते एकाच गोष्टीवर: हे करायला वर उभं कुठे राहायचं?

इथे जुनं घर घेतलेल्या ओळखीच्या अनेक मराठी कुटुंबांना हा प्रश्न पडलेला मी पाहिला आहे, आणि बहुतेकांचं पहिलं उत्तर आमच्यासारखंच चुकतं. आपण वर पोचण्याचा विचार करतो. पण शिडी माणसाला वर नेते, तिथे दोन्ही हात मोकळे ठेवून तासन् तास उभं करत नाही. थापी एका हातात, मसाल्याचं घमेलं दुसऱ्या हातात, मग शिडी धरायची कशाने?

उंची मोजण्यातली चूक

आम्ही वीकेंडसाठी चाकांचा अ‍ॅल्युमिनियम टॉवर भाड्याने घेतला. कॅटलॉगमध्ये लिहिलेली उंची ‘वर्किंग हाइट’ होती. म्हणजे उभं राहायच्या फळीची उंची अधिक दोन मीटर. आम्ही ती फळीचीच उंची समजलो. दुसरं, आमचं धुराडं दोन घरांच्या मधोमध, आढ्यावर आहे. भिंतीलगत टॉवर कितीही चढवला तरी ते छपराच्या उताराने चार मीटर आत राहतं. आणि तिसरं, टॉवर मागच्या अंगणात न्यायचा तर बाजूची बोळ ९० सेंटिमीटरची आणि टॉवरची रुंदी १.४५ मीटर. अरुंद, ८५ सेंटिमीटरचा टॉवरही मिळतो, पण तो उंच बांधायचा तर त्याच्या आधाराच्या तंगड्या पसरायला चहूबाजूंनी जागा लागते. तो टॉवर न वापरता परत गेला. भाडं आणि ने-आण दोन्ही भरावं लागलं.

म्हणून फोन करण्याआधी टेप घेऊन बाहेर जा. जमिनीपासून पन्हळीपर्यंतची उंची, पन्हळीपासून धुराडं किती आत आहे ते अंतर, बोळीची रुंदी, खाली माती आहे की फरशी, आणि मध्ये कन्झर्व्हेटरी (घराला जोडलेली काचेची खोली) येते का, हे सगळं लिहून ठेवा. कन्झर्व्हेटरी असेल तर परांची तिच्यावरून पूल बांधल्यासारखी न्यावी लागते आणि खर्च तिथेच वाढतो.

दिवसाचं भाडं बघून ठरवणं

शिडी सगळ्यात स्वस्त, टॉवर त्याहून महाग, परांची सगळ्यात महाग, हा हिशेब वरवरचा आहे. दर विचारताना पुढच्या गोष्टी नेमक्या विचारा. २० टक्के व्हॅट धरला आहे का? किती आठवड्यांचं भाडं धरलं आहे आणि पाऊस लागून काम लांबलं तर पुढच्या आठवड्याला किती? बांधणं आणि उतरवणं त्यात आलं का? परांचीचे पाय फुटपाथवर येणार असतील तर कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, परवाना लागतो. १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टमध्येच तशी तरतूद आहे. बहुधा परांचीवालाच तो काढतो, पण त्याची फी कोणाच्या बिलात, हे आधी ठरवून घ्या.

सामाईक धुराडं असेल तर शेजाऱ्यांशी आधी बोला. आमच्या शेजारच्या आजींच्या बाजूच्या दरजाही गेल्या होत्या. परांचीचा खर्च निम्मा निम्मा वाटून घेतला, आणि ती मग टॉवरच्या फसलेल्या वीकेंडपेक्षा फार महाग वाटली नाही.

जिवावर बेतणाऱ्या चुका

इथे मला जरा सविस्तर सांगायचं आहे. ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या जीवघेण्या अपघातांत उंचीवरून पडणं हे सगळ्यात मोठं कारण आहे. साताऱ्याहून बाबा फोनवर एवढंच म्हणाले होते, “अगं, परांची बांधल्याशिवाय कुणाला वर चढवू नकोस.”

शिडी किंवा दोर धुराड्याला कधीही बांधू नका. दरजा मोकळ्या झाल्या म्हणून तर आपण वर चाललो आहोत, त्या विटांवर माणसाचा भार टाकायचा कसा? छपरावर टाकायच्या शिडीचा आकडा पलीकडच्या उतारावर टेकला पाहिजे, आढ्यावरच्या कौलांवर नाही. ती कौलं नुसती मसाल्यात बसवलेली असतात. साधी शिडी प्लॅस्टिकच्या पन्हळीला टेकवू नका, भिंतीपासून अंतर ठेवणारा स्टँड-ऑफ लावा. चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर, आणि शिडीवरून छपरावर उतरायचं असेल तर टोक टेकण्याच्या जागेच्या किमान एक मीटर वर.

टॉवर वापरत असाल तर वारा ताशी १७ मैलांवर गेला की काम थांबवा. माणूस वर असताना टॉवर ढकलू नका. आणि सकाळी शेवाळलेल्या कौलांवर दव असतं, ते ऊन नसलेल्या बाजूला दुपारपर्यंत वाळत नाही.

चेरी पिकर (माणसाला पाळण्यातून वर उचलणारं यंत्र) घ्यायचा तर चालकासकटच घ्या. माणसं उचलणाऱ्या यंत्राची दर सहा महिन्यांनी सखोल तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. तो कागद मागायला संकोच करू नका.

परांची बांधून झाली, तरी काहीतरी बरोबर वाटत नसेल तर

शिडीच्या पायथ्याशी तपासणीचा टॅग आणि त्यावर तारीख आहे का बघा. दोन मीटर किंवा त्याहून जास्त पडण्याचा धोका असलेली परांची पहिल्या वापराआधी, नंतर दर सात दिवसांनी आणि वादळी हवेनंतर तपासावी लागते. फळी पाय ठेवल्यावर उचलली जात असेल, मातीत परांचीच्या पायाखाली लाकडी पट्टी नसेल, किंवा गवंड्याने विटा चढवायला कठडा काढून ठेवला असेल, तर काम तिथेच थांबवून परांचीवाल्याला बोलवा. स्वतः नट आवळू नका. संध्याकाळी खालची शिडी काढून ठेवा आणि घराच्या विमा कंपनीला परांची लागल्याचं कळवा. चोराला वरच्या खिडकीपर्यंत आयती वाट मिळते.

वसंतात काम काढत असाल तर धुराड्यात जॅकडॉ या छोट्या कावळ्यांचं घरटं नाही ना, हे आधी पाहा. वापरात असलेलं घरटं हलवणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणि धूर किंवा जळलेला गॅस बाहेर नेणारं नळकांडं चुकूनही बुजवू नका, कार्बन मोनॉक्साइड खोलीत परत येतो.

परांची उतरवायच्या आदल्या दिवशी गवंड्याला एकदा सगळीकडून फिरून फोटो काढायला लावा: धुराड्याच्या तोंडावरची मातीची भांडी, जाळी, धुराडं आणि छपराच्या सांध्यावरची शिशाची पट्टी, पन्हळ, अँटेनाचे पट्टे. आमच्याकडे त्या फोटोंत आजींच्या बाजूची शिशाची पट्टी एका टोकाला उचललेली दिसली. गवंडी तासाभरात ती बसवून खाली आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पाइप उतरायला लागले.