गल्लीत उभ्या गाडीसाठी कॅमेरा लावताना

पहाटे सव्वापाचला चावी फिरवली आणि आमची ईको व्हॅन ट्रॅक्टरसारखी फटफटायला लागली. मागे कामगारांच्या जेवणाचे ६० डबे भरून ठेवलेले. अंबड एमआयडीसीतली पहिली पाळी ७ ला सुरू होते, त्याआधी डबे पोचायला हवेत. टॉर्च लावून खाली वाकून बघितलं, तर सायलेन्सर गायब. पाइपाचं उघडं तोंड आणि जमिनीवर पडलेले दोन नट, एवढंच शिल्लक. डबे त्या दिवशी रिक्षाने गेले. मी मात्र दुपारपर्यंत पायरीवर बसून होते.

ईकोवाल्यांना हे नवीन नाही. धूर स्वच्छ करण्यासाठी सायलेन्सरमध्ये जो भाग असतो त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महाग धातू असतात. चोरांच्या भाषेत ती ‘माती’. गाडी जमिनीपासून बऱ्यापैकी उंच, त्यामुळे जॅक न लावताही माणूस खाली सरकतो. नाशिकच्या सिडकोत आमच्यासारख्या रो-हाऊसला पार्किंग नाही. गाडी गल्लीतच उभी राहते आणि रात्री ती सगळ्यांचीच असते.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की आमच्याकडे कॅमेरा होता. गच्चीच्या कठड्याला, साधारण १८ फुटांवर. रेकॉर्डिंगमध्ये गाडी दिसत होती, पूर्ण गल्ली दिसत होती, गाडीखाली शिरणारा माणूसही दिसत होता. पण दिसली ती त्याची टोपी. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी तीन वेळा पुढे-मागे करून पाहिलं आणि म्हणाले, “ताई, चेहरा आहे का कुठे?” नव्हता. गाडी दिसणं वेगळं आणि माणूस ओळखू येणं वेगळं, हे त्या दिवशी मला कळलं. पुढे जे सांगते आहे ते या एका फरकाभोवतीच आहे.

आधी उंची. कॅमेरा लावणारे दादा हमखास वर लावतात, कारण वरून ‘कव्हरेज’ जास्त मिळतं आणि कुणी तोडत नाही. पण १८ फुटांवरून चार मीटर पुढच्या माणसाकडे पाहिलं की नजर जवळजवळ ४५ अंशांत खाली जाते. टोपी किंवा हूडी घातली की चेहरा संपला. चेहऱ्यासाठी कॅमेरा ८ ते ९ फुटांवर हवा. तिथे सहज हात पुरत नाही आणि टोपीच्या खालचं दिसतं. आम्ही नवा कॅमेरा फाटकाच्या खांबाला साडेआठ फुटांवर लावला. गच्चीवरचाही ठेवला, कारण चोर कुठून आला आणि कुठे गेला हे वरूनच कळतं. दोघांची कामं वेगळी आहेत.

आता लेन्स. दुकानात ‘किती मेगापिक्सेल’ एवढंच सांगतात, लेन्स किती मिलिमीटरची हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. तुम्ही विचाराच. २.८ मिमीची लेन्स खूप रुंद बघते, म्हणून प्रत्येक वस्तू बारीक होते. ४ मिमीची कमी रुंद, साधारण ८० अंश, पण माणूस मोठा दिसतो. सीसीटीव्हीच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर चित्रात दर मीटरला २५० ठिपके (पिक्सेल) हवेत. ४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र २५६० ठिपके रुंद असतं. ४ मिमीची लेन्स ६ मीटरवर साधारण १० मीटर रुंदी पकडते. म्हणजे मीटरला २५६ ठिपके, बरोबर पुरतात. आमचा जुना गच्चीवरचा २ मेगापिक्सेलचा आणि २.८ मिमीचा होता. तेवढ्याच अंतरावर त्याला मीटरमागे जेमतेम १२० मिळत होते. हे गणित आधी कुणी वहीत मांडून दाखवलं असतं तर टोपीवर भागवावं लागलं नसतं. गाडी खांबापासून ६ मीटरच्या आत असेल तर ४ मेगापिक्सेल आणि ४ मिमी घ्या. त्याहून लांब उभी राहत असेल तर ६ मिमी मागा.

दिशा तर त्याहून महत्त्वाची. कॅमेरा गाडीच्या कुशीकडून लावला तर पलीकडची बाजू गाडीच झाकून टाकते आणि चोर नेमका तिथेच बसतो. म्हणून गाडीच्या लांबीच्या दिशेने, कोपऱ्यातून बघेल असा लावा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या फटी थोड्या तरी दिसतात. तरीही आमची भिंतीकडची बाजू अंधारीच राहिली. शेवटी समोरच्या काकूंना विचारलं. त्यांनाही मुलाच्या बुलेटची काळजी होतीच. त्यांनी त्यांच्या खांबाला त्यांच्याच वाय-फायवर एक कॅमेरा लावला, ॲपमध्ये मला शेअर केला, मी माझा त्यांना. त्यांच्या कॅमेऱ्यात आमचं पुढचं दार येत होतं, आमच्यात त्यांची न्हाणीची खिडकी. दोन्हीकडे ॲपमधून तेवढ्या भागावर काळी पट्टी टाकली आणि एकमेकींच्या फोनवर उघडून दाखवली. हे न चुकता करा. शेजारी नाराज झाला तर रात्री उठून बाहेर येणारं उरतं कोण?

रात्रीचं प्रकरण सविस्तर सांगते, कारण चोरी रात्रीच होते. अंधारात कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो आणि चित्र काळं-पांढरं होतं. जवळ पांढरी भिंत किंवा छज्जा असेल तर तो उजेड तिथूनच परत येतो आणि बाकी सगळं काळवंडतं. आमचा पहिल्या दिवशी छज्ज्याच्या अगदी खाली बसवला होता. चुना चकाकत होता आणि गाडी दिसत नव्हती. अर्धा फूट पुढे काढला तेव्हा सुधारलं. नंबर प्लेटचंही तसंच. नव्या उच्च सुरक्षा प्लेटा उजेड परत फेकतात, त्यामुळे इन्फ्रारेडमध्ये पळून जाणाऱ्या गाडीची प्लेट पांढरा चौकोन होऊन बसते. घरगुती कॅमेऱ्याने रात्री नंबर वाचता येईल ही आशा ठेवू नका.

यावर सोपा इलाज उजेडाचा. फाटकाच्या वर ९ वॅटचा एलईडी रात्रभर चालू ठेवला. ११ तास जळला तरी महिन्याला ३ युनिटच होतात. कॅमेरा इन्फ्रारेडवर न जाता रंगीत राहतो, शर्ट निळा की हिरवा ते कळतं, आणि उजेडात गाडीखाली शिरायला माणूस कचरतो. बल्ब कॅमेऱ्याच्या मागे किंवा बाजूला हवा, समोर नको.

सगळं बसवल्यावर खरी परीक्षा घ्या. रात्री ११ वाजता थोरल्या मुलाला टोपी घालून गल्लीच्या टोकावरून चालत यायला सांगितलं. गाडीशी थांब, खाली वाक, मागच्या चाकाजवळ आडवा हो. मी आत फोनवर बघत होते. चेहरा कुठल्या क्षणी सगळ्यात स्पष्ट दिसतो? आमच्याकडे तो गाडीच्या मागच्या बंपरपासून दोन पावलांवर. चोर वाकण्याआधी तिथेच थांबून दोन्हीकडे बघतो. मग कॅमेरा गाडीच्या मध्यावरून हलवून त्या दोन पावलांवर आणला. तिसऱ्या फेरीला मुलाच्या भुवईवरची लहानपणची खूण दिसली, तेव्हा स्क्रू आवळायला सांगितले.

फोनवर सूचना येते ती सुरुवातीला डोकं उठवते. कुत्री, दुचाक्या, वाऱ्याने हलणारी फांदी. तिसऱ्या दिवशी माणूस सूचनाच बंद करतो आणि कॅमेरा फक्त चोरीनंतर बघायचा राहतो. म्हणून ‘माणूस ओळखा’ हा पर्याय असलेलाच घ्या, आणि ॲपमध्ये गाडीभोवती दीड फुटाचा पट्टा आखा, रस्ता बाहेर ठेवा. वेळ रात्री १२ ते ५. फोन रात्री शांत मोडवर असेल तर या एका ॲपला सूट द्या. सूचना आली तर बाहेर धावू नका, चोरांच्या हातात पाना असतो. आतून दिवे लावा, ओरडा, ११२ ला फोन करा.

कोळी हा कॅमेऱ्याचा मोठा शत्रू. कॅमेऱ्याच्या दिव्यांकडे किडे येतात आणि त्यांच्या मागे कोळी. जाळ्याचा एक धागा लेन्ससमोर आला की रात्री पांढरा दोर हलताना दिसतो. पंधरा दिवसांनी मऊ ब्रश फिरवायचा, लेन्सवर फवारा मारायचा नाही. आषाढ-श्रावणात पावसाच्या रेघा चमकतात. झाकण असलेला, नळीसारखा ‘बुलेट’ कॅमेरा घुमटवाल्यापेक्षा बरा, कारण घुमटावर थेंब बसले की चित्र फाटतं. वायर भिंतीत शिरण्याआधी खाली झोका द्यायला सांगा, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता तिथूनच टपकतं.

वाय-फाय की वायर? शक्य असेल तर वायर. राउटर मागच्या खोलीत असतो, मध्ये दोन स्लॅबच्या भिंती, आणि नेमक्या वेळी चित्र अडकतं. एकाच केबलने वीज आणि इंटरनेट दोन्ही जाते, ती १०० मीटरपर्यंत चालते. बॅटरीवर चालणारे सौर कॅमेरे मी या कामाला घेणार नाही. ते झोपेतून उठायला वेळ घेतात आणि चेहरा दिसण्याचे पहिले दोन सेकंदच निसटतात. वीज गेली तर राउटर आणि रेकॉर्डर इन्व्हर्टरच्या लाइनवर हवेत.

साठवणुकीचा हिशेब असा. २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट) एक कॅमेरा दिवसाला साधारण २२ जीबी खातो. १२८ जीबीचं कार्ड ५-६ दिवस पुरतं. १ टीबीची डिस्क दोन कॅमेऱ्यांना ३ आठवडे. कार्ड कॅमेऱ्यातच असतं, चोराने कॅमेरा उपटला तर पुरावाही गेला. म्हणून रेकॉर्डर घरात, कपाटात.

घड्याळ! आमचा जुना कॅमेरा १४ मिनिटं मागे होता. कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्याशी वेळ जुळवायला पोलिसांचे दोन दिवस गेले. इंटरनेटवरून वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू ठेवा. पासवर्डही पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक सॉफ्टवेअरने लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेल्या पासवर्डच्या जोरावरच.

चोरी झालीच तर क्लिप व्हॉट्सॲपवर फिरवण्याआधी मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढा. व्हॉट्सॲप चित्र दाबून बारीक करतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, एक भाग आपण भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. रेकॉर्डरमधली मूळ नोंद तोपर्यंत पुसू देऊ नका, त्यावर नवं रेकॉर्डिंग चढू देऊ नका.

कॅमेरा हात धरत नाही, म्हणून गॅरेजवाल्या भाऊंकडून सायलेन्सरच्या नटांवर वेल्डिंगचे टाके मारून घेतले. गाडीची सायलेन्सरची बाजू आता भिंतीला चिकटून उभी करते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री मी फोनवर दोन्ही चित्रं उघडून मुलाला गाडीभोवती फिरवते. गेल्या वेळी कळलं की काकूंच्या शेवग्याची फांदी वाढून बरोबर मागच्या बंपरवर आली आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती शेंगांसकट छाटून दिली आणि सोमवारच्या डब्यात आमटी शेंगांचीच गेली.