गोटी थांबते का? घरीच बघा

पोरांना वाटतं ढकलायचं थांबवलं की वस्तू आपोआप थांबते, मलाही शाळेत तेच वाटायचं, पण हे करून बघा. दोन फूटपट्ट्या शेजारी ठेवून मधे खाच राहील अशा चिकटपट्टीने जोडा, एक टोक तीन वह्यांवर टेकवा, झाला उतार. आता गोटी वरून फक्त सोडायची, ढकलायची अजिबात नाही, म्हणजे खाली येताना तिचा स्पीड दरवेळी जवळपास सारखाच असतो, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

आधी खाली गोधडी अंथरा, मग सतरंजी, मग नुसती फरशी. प्रत्येक वेळी गोटी किती लांब गेली ते टेपने मोजा, तीन-तीनदा. फरशी सपाट हवी हां, बाथरूमकडे उतार असला तर सगळं चुकेल.

गोधडीवर गोटी लगेच अडकते, फरशीवर लांब जाते. म्हणजे गोटी स्वतःहून थांबत नाही, तिला घर्षण थांबवतं. कॅरमवर पावडर टाकतो ती घर्षण कमी करायलाच.

मग पोरांना विचारा, घर्षणच नसेल तर? गॅलिलिओने उतारावर गोळे सोडून हाच विचार केला होता, न्यूटनने 1687 मधे त्याचा नियम मांडला: अडवणारं काही नसेल तर चालती वस्तू त्याच स्पीडने सरळ चालतच राहते. 1977 मधे सोडलेलं व्हॉयेजर 1 हे अवकाशयान आजही सेकंदाला साधारण 17 किलोमीटरने चाललंय, पुढे ढकलणारं इंजिन चालू नसताना! हे सांगताना मला अजूनही भारी वाटतं.