चेनसॉ टिकाऊ कोणता, आणि जुना उघडून बांधण्यात अर्थ आहे का, हे कसं ठरवायचं

चेनसॉ घेताना बहुतेक जण आधी सीसी विचारतात, मग बार (ज्याच्याभोवती चेन फिरते ती लांब पट्टी) किती इंची ते. दोन्ही लागतंच, पण मशीन पाच वर्षं चालणार का वीस, हे त्यावरून कळत नाही. ते कळतं इंजिन कशात बसवलंय यावरून आणि त्याचे पार्ट मिळतात का यावरून. नवा घ्या नाहीतर जुना उघडा, बघायच्या गोष्टी बऱ्याचशा त्याच, म्हणून दोन्हीचं एकत्रच सांगतो.

आधी काम ठरवा. नुसती फांद्यांची छाटणी आणि कधीतरी एखादं पडलेलं झाड असेल तर बॅटरीवाला किंवा ३०-३५ सीसीचा पुरतो, जास्त डोकं लावू नका. दरवर्षी जळणाचं लाकूड फोडायला ओंडके कापायचे असतील तर ४५-५० सीसी आणि १६ ते १८ इंची बार. जाड बुंधे रोज कापायचे असतील तर ६० च्या पुढे जा. छोट्या मशीनला लांब बार लावायचा मोह टाळा, कारण इंजिनावर लोड येतो, ऑईल पंप तेवढं तेल टोकापर्यंत पोचवू शकत नाही आणि मग चेन, बार दोन्ही जळतात.

आता मुख्य मुद्दा, बांधणी. प्रोफेशनल मशीनमधे क्रँककेस, म्हणजे क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो तो इंजिनाचा खालचा भाग, मॅग्नेशियमची असते, दोन उभे अर्धे भाग बोल्टनी जोडलेले आणि वर सिलिंडर सहसा चार स्क्रूंनी बसवलेला. हस्कवार्नाचा ३७२ एक्सपी, स्टिलचा एमएस २६० हे या जातीतले. दुसरी जात म्हणजे प्लास्टिकच्या बॉडीत बसवलेलं इंजिन, ज्यात सिलिंडरच्या खाली एक पॅन लागतो आणि क्रँकशाफ्ट त्या दोघांच्या मधे धरलेला असतो. स्टिलचा एमएस २९० असा आहे. याला लगेच कमी समजू नका, पेट्रोलमधे नीट ऑईल घातलं, हवेचा फिल्टर साफ ठेवला तर हीसुद्धा वर्षानुवर्षं चालतात. फरक पडतो उघडताना. पहिल्या जातीत चार स्क्रू काढले की सिलिंडर हातात, दुसऱ्यात आख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. पण एकदा बाहेर आलं की दुसऱ्या जातीत सील आणि बेअरिंग सहज बदलता येतात, आणि मॅग्नेशियमवाल्यात बेअरिंग गेलं तर केसचे दोन भाग वेगळे करायला खास टूल लागतात. रोज वापर असेल तर मी मॅग्नेशियमवालाच घ्या म्हणेन.

नवा घेताना दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: याची कार्बोरेटरची किट आणि सील तुमच्याकडे आत्ता आहेत का, आणि मशीन इथे उघडून मिळेल का. यावर जो गुळमुळीत बोलेल त्याच्याकडून घेऊ नका. मोठ्या ब्रँडच्या रंगाची हुबेहूब नक्कल केलेली मशीन ऑनलाईन फार स्वस्तात दिसतात, त्यांच्यापासून लांब राहा, कारण तिथे चेन ब्रेकसारख्या (मशीन उसळलं की चेन तत्काळ थांबवणारा ब्रेक) जिवाशी गाठ असलेल्या पार्टचा भरवसा धरता येत नाही.

जुन्या मशीनकडे वळू. इथे पहिला प्रश्न सेफ्टीचा. चेन ब्रेक १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून यायला लागला, त्याच्या आधीच्या मशीनमधे तो नाही आणि कंपन शोषणारे रबर माउंटही बऱ्याच मशीनमधे नाहीत. अशी मशीन जपून ठेवायला छान, रोजच्या कामासाठी त्यांच्यावर पैसे घालू नका. किकबॅक झाला, म्हणजे बारचं टोक कशाला तरी लागून मशीन उसळलं, की बार तोंडाकडे येतो आणि हात मागे घ्यायलासुद्धा वेळ मिळत नाही. कंपनाने बोटांतलं रक्त कमी होऊन बोटं पांढरी पडायचा त्रास होतो, तो कायमचा राहू शकतो.

ब्रेक आहे, माउंट शाबूत आहेत, तर पुढे बघा. स्विच बंद करून, चेन ब्रेक लावून मशीन स्टार्टरच्या दोरीच्या मुठीला धरून लटकवा. हळूहळू, अडखळत खाली आलं तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधे हवा दाबली जाऊन येणारा जोर) आहे, धाडकन खाली गेलं तर नाही (दोरी हलकी जावी म्हणून कॉम्प्रेशन सोडणारं डीकॉम्प्रेशन बटण असेल तर ते दाबलेलं नाही ना हे आधी बघा, नाहीतर चांगलं मशीन उगाच बाद कराल). गेज असेल तर अजून बरं. थ्रॉटल पूर्ण दाबून, काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. साधारण १५० पीएसआय म्हणजे तब्येत ठणठणीत, ११० च्या खाली गेलं तर गरम झाल्यावर नखरे करणारच. गेज असा घ्या की व्हॉल्व्ह स्पार्क प्लगच्या टोकापाशी आहे, नाहीतर पाईपमधली हवाही मोजली जाते आणि छोट्या इंजिनावर आकडा कमी दिसतो.

पण खरं उत्तर मफलर काढल्यावर मिळतं, आणि हे केल्याशिवाय जुना चेनसॉ विकत घेऊ नये. दोन-तीन स्क्रू असतात. मफलर काढा, दोरी सावकाश ओढत पिस्टन वरखाली करा आणि टॉर्च मारून बघा. चांगल्या पिस्टनवर कारखान्यातल्या मशीनिंगच्या बारीक आडव्या रेषा अजून दिसतात. उभे ओरखडे दिसले, रिंग पिस्टनमधे चिकटून बसलेली दिसली, तर समजायचं की मशीन एकदा जॅम झालंय. मग कार्बोरेटर काढून इनटेकच्या बाजूनेही बघा. ओरखडे एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर पेट्रोलमधलं ऑईल कमी पडलंय किंवा मिक्श्चर लीन होऊन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून) इंजिन तापलंय. इनटेकच्या बाजूला असतील तर फिल्टरमधून धूळ आत गेलीय. शेवटी फ्लायव्हील धरून वरखाली हलवा, लचकलं तर बेअरिंग गेलंय.

आता हिशोब मांडा. ब्रेक, बेअरिंग, क्रँक ठीक आहे आणि फक्त पिस्टन ओरखडलाय, मशीन मॅग्नेशियमवालं आहे, पार्ट मिळतायत, तर नक्की बांधा, नव्या मशीनच्या मानाने फार थोडक्यात काम होतं. घरगुती छोटं मशीन असेल आणि सिलिंडरसकट सगळं बदलायचं असेल तर खर्च नव्याच्या जवळ जातो, सोडून द्या. आणि इग्निशन कॉइल किंवा ऑईल पंप कंपनीने बनवायचा बंद केला असेल तर मशीन कितीही देखणं असो, दोनदा विचार करा.

बांधायचं ठरलं तर नवा पिस्टन मागवायच्या आधी सिलिंडर तपासा. आतल्या भिंतीवर जे ओरखडे वाटतात ते पुष्कळदा पिस्टनचं वितळून चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं आणि खालचं कडक प्लेटिंग शाबूत असतं. कापसाच्या काडीने फक्त त्या डागावर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड लावा, अ‍ॅल्युमिनियम असेल तिथे फसफसतं. फसफस थांबली की पाण्याने धुवा, पुसा, परत लावा. हातमोजे आणि चष्मा घालून, मोकळ्या हवेत करा आणि पोर्टच्या कडेला थेंब जाऊ देऊ नका, कारण तिथलं उघडं अ‍ॅल्युमिनियमही ते खातं. नंतर नख फिरवा. नख कुठे अडकलं, प्लेटिंग उडालेलं दिसलं तर तो सिलिंडर गेला. गुळगुळीत लागलं तर नवा पिस्टन आणि रिंगवर काम भागतं. बसवताना पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे ठेवा, रिंगचं तोंड खाचेतल्या पिनवर आलंय ना बघा, आणि पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या क्लिपा नव्याच लावा.

नवा पिस्टन टाकला, चार दिवस चाललं, परत जॅम झालं, असं होण्याचं कारण म्हणजे आधी जॅम का झालं ते कोणी शोधलेलंच नसतं. म्हणून प्रेशर टेस्ट करा. जुन्या ट्यूबचे तुकडे कापून एक्झॉस्ट आणि इनटेक बंद करा, इम्पल्सच्या भोकातून (क्रँककेसमधला दाब कार्बोरेटरकडे नेणारं भोक) अर्धा बार दाबाने हवा भरा आणि साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. क्रँकची दोन्ही सील, इनटेकचा रबर बूट, सिलिंडरच्या खालची गॅस्केट, सगळीकडे. मग उलट करून व्हॅक्यूमही लावा, कारण काही सील दाबाला टिकतात आणि ओढीला सोडतात. फ्युएल लाईन आणि टाकीतला फिल्टर तर न बघताच बदला, पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर खराब होतं. कार्बोरेटरमधल्या पडद्यांची किटही तेव्हाच टाका.

पेट्रोलमधे ऑईलचं प्रमाण कंपनी सांगते तेच, आजच्या चांगल्या टू-स्ट्रोक ऑईलला सहसा ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. पहिल्या दोन-तीन टाक्या कार्बोरेटरवरचा एच स्क्रू (जास्त वेगाला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) थोडा उघडा ठेवून रिच, म्हणजे पेट्रोल जरा जास्त ठेवून चालवा. मोकळ्यावर पूर्ण थ्रॉटलला इंजिन फडफडल्यासारखं वाजलं पाहिजे आणि बार लाकडात गेला की तो आवाज साफ व्हायला हवा. मोकळ्यावरच चिरका, एकसलग आवाज येत असेल तर मिक्श्चर लीन आहे, लगेच बंद करा आणि स्क्रू उघडा. सुरुवातीला मोकळ्यावर रेस देत बसू नका, मध्यम जाडीचं लाकूड कापा, आणि त्या टाक्या संपल्या की मफलर काढून पिस्टनवर एकदा टॉर्च मारून घ्या.