वंध्यत्व ओपीडीला निघताय? आधी तारीख लिहा

आधार कार्ड, पैसे, डबा हे सांगत बसत नाही. फक्त आधारवर माहेरचं नाव आणि लग्नाच्या दाखल्यावर सासरचं असेल तर ते आधी निस्तरा, ऐन वेळी खिडकीवर उभं राहून नव्हे.

आता मुख्य गोष्ट. पाळीची तारीख. लिहून ठेवा. डोक्यात नाही, कागदावर.

पहिल्या वेळी चाळीसगावहून रात्रीच्या गाडीने मुंबईला मेडिकल कॉलेजच्या वंध्यत्व विभागात गेलो. फाइल जाडजूड, दोघांचे फोटो, जुनी सोनोग्राफी, सगळं होतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "पाळी कधी आली?" मी म्हणाले, "आखाजीच्या आसपास." त्या पेन टेकवून माझ्याकडे बघत राहिल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी, झोके, पाहुणे, कोण तारीख बघतंय! मोजून काढल्यावर पाचवा दिवस निघाला. एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिऑल या हार्मोनच्या तपासण्यांचं रक्त पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच घ्यायचं असतं, कारण तेव्हाच अंडाशयाची मूळ पातळी कळते. एएमएच, म्हणजे अंड्यांचा साठा सांगणारी तपासणी, तेवढी कधीही चालते. म्हणजे एका तारखेपायी अख्खा महिना गेला, आणि भाडं गेलं ते वेगळं.

म्हणून मागच्या सहा महिन्यांच्या तारखा वहीत लिहा. आली की त्याच दिवशी विभागात फोन करा. थेंबभर डाग म्हणजे पहिला दिवस नाही, नीट रक्तस्राव सुरू होतो तो पहिला. रात्री उशिरा आली तर कसं मोजायचं, हे तिथेच विचारा. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण मोबाइल बदलला की गेलं. वहीच बरी. गर्भनळीचा एक्स-रे, एचएसजी, तोही पाळी थांबल्यावर आणि अंडं फुटायच्या आधी करतात. पुन्हा तारीखच.

नवरा हवा. "मला काय झालंय?" हे ऐकून घेऊ नका. वीर्यतपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचा असतो, तोही वहीत लिहा. गुटखा-तंबाखू आदल्या दिवशी सोडून उपयोग नाही, शुक्रजंतू तयार व्हायला दोन-अडीच महिने लागतात. सासूबाईंना सगळं सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही नाही सांगितलं.

जुन्या तपासण्यांचे नुसते रिपोर्ट नव्हे, फिल्म पण न्या. कॉलेजचं हॉस्पिटल आहे, आधी शिकाऊ डॉक्टर विचारतात, मग निवासी डॉक्टर, मग मॅडम. तेच तेच तीनदा. चिडू नका, तिन्ही वेळा तीच तारीख सांगा, वहीत बघून. तपासताना विद्यार्थी नको असतील तर तसं स्पष्ट सांगा. वय बघून घ्या: 2021 च्या कायद्यानुसार स्त्रीला 50 आणि पुरुषाला 55 च्या पुढे आयव्हीएफसारखे, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करायचे, उपचार मिळत नाहीत. मुलगा की मुलगी ते कोणी सांगणार नाही, विचारूच नका, गुन्हा आहे.

आयव्हीएफची इंजेक्शनं घरी आणायची तर बर्फाचा डबा लागतो. बरीच इंजेक्शनं 2 ते 8 अंशांत ठेवावी लागतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. डब्यात बर्फाला औषध चिकटू देऊ नका, गोठलं तरी बाद.

ट्रिगरचं, म्हणजे अंडी शेवटची पिकवणारं, इंजेक्शन सांगितलेल्या मिनिटाला घ्या, अंडी साधारण 34 ते 36 तासांनी काढतात. मोबाइलला दोन गजर लावा. अंडी काढायच्या दिवशी उपाशी राहायचं, सोबत कोणी हवं. गर्भ पिशवीत सोडल्यावर गोळ्या मनाने थांबवायच्या नाहीत. दिवस राहिले का, ते बघायचं रक्त साधारण दोन आठवड्यांनी. त्याआधी घरी गर्भतपासणीची पट्टी वापरू नका, ट्रिगरच्या औषधाने खोट्या दोन रेघा येऊ शकतात. बाकीचं केसपेपरवर लिहून देतात.

तारीख लिहिली का?