दारा-खिडकीवरचे लिंटेल ओतताना

सोलापुरातील जुन्या माळवदाच्या घरांत दारावर लाकडी तुळई किंवा सलग दगड असे. आता त्या जागी सळई-काँक्रीटचे लिंटेल येते आणि त्याचा तळ साधारणपणे सात फुटांवर धरतात. भिंतीच भार पेलणार असतील, तर दारापुरते तुटक लिंटेल न ठेवता सर्व भिंतींवरून, कोपऱ्यांतही सळई न तोडता, सलग पट्टी फिरवावी. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या भागात तरी हा खर्च टाळू नये.

चार फुटांपर्यंत रुंद खिडकीवरच्या लिंटेलला सहा इंच जाडी, खाली १२ मिमीच्या आणि वर १० मिमीच्या दोन-दोन सळ्या व सहा इंचांवर ८ मिमीच्या रिंगा (सळ्यांना वेढणारी कडी) सहसा पुरतात. स्लॅबचा किंवा दुसऱ्या तुळईचा भार थेट लिंटेलवर येत असेल, तर मात्र हा ठोकताळा सोडून अभियंत्याकडून हिशेब करून घ्यावा. दोन्ही बाजूंना लिंटेल भिंतीवर किमान सहा इंच टेकले पाहिजे. नऊ इंच अधिक चांगले. सळईखाली खडीचा तुकडा सरकवून भागवू नये, सळई साच्यापासून वर धरणारे २५ मिमीचे कव्हर ब्लॉकच ठेवावेत.

खरी गफलत लिंटेलला जोडून बाहेर काढलेल्या छज्जात होते. लिंटेल मध्यभागी खाली वाकू पाहते, म्हणून त्याची मुख्य सळई तळाशी असते. छज्जा भिंतीतून बाहेर लोंबकळत असल्याने त्याचा ताण वरच्या अंगाला येतो आणि मुख्य सळई वरच हवी. ती लिंटेलच्या रिंगांत नीट अडकवून बांधावी. पाट्या ओतणाऱ्यांच्या पायांखाली ती दबून तळाला गेली, तर छज्जा वरून धडधाकट दिसतो, पण सळई नसल्यासारखाच असतो. त्यामुळे ओतकाम संपेपर्यंत मालकाने किंवा मिस्त्रीने तेथे उभे राहावे.

चाळिशी ओलांडणाऱ्या इथल्या उन्हाळ्यात ओतकाम सकाळी लवकर उरकावे, दुसऱ्या दिवसापासून ओले गोणपाट पसरावे आणि किमान दहा दिवस, पीपीसी (राख मिसळलेले) सिमेंट असल्यास चौदा दिवस, पाणी मारावे. नळाला रोज पाणी येत नसल्याने बॅरल आधीच भरून ठेवलेले बरे.

छज्जाखालचे टेकू चौदा दिवसांनंतर आणि लिंटेलवरची भिंत पुरेशी चढल्यावरच काढावेत, कारण त्या भिंतीचे वजनच छज्जाला उलटण्यापासून रोखते. काढताना बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून भिंतीकडे यावे.