आइसपॅकला आधी घाम फुटू द्या : उपकेंद्रावरच्या नव्या सिस्टरांनो, या चुका टाळा

आमच्या तालुक्यात दरवर्षी दोन-चार नव्या सिस्टर रुजू होतात. पोरी हुशार असतात, मोबाइलवरच्या नोंदी माझ्यापेक्षा झरझर भरतात. चुका मात्र त्याच, मी रुजू झाले तेव्हा केलेल्या. तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून आता लिहून ठेवते.

पहिली अन् सगळ्यात महागाची चूक आइसपॅकची. फ्रीजरमधून काढला की थेट व्हॅक्सिन कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या डब्यात! मे महिन्यात तर हमखास, कारण बाहेर 45 डिग्री अन् सगळ्यांना धास्ती उन्हाची. अगं, पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकच लस) थोडीफार गरमी सोसते. गोठणं अजिबात सोसत नाही. टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) अन् हिपॅटायटिस बीचंही तेच. लसीला 2 ते 8 डिग्री पाहिजे, बर्फ नको.

मी नवी असतानाची गोष्ट. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. बाया पहाटेच जंगलात पान तोडायला जातात, म्हणून आशाताईनं आदल्या सांजेला टोलीवर (वाडीवर) घरोघरी फिरून नऊ लेकरांच्या मायांना थांबवून घेतलं होतं. लस पोचवणारा माणूस त्या दिवशी आला नाही, एसटीची वेळ झालेली. मी दगडासारखे चार आइसपॅक तसेच कॅरियरमध्ये कोंबले, मधे कुप्या ठेवल्या अन् पळत सुटले. अंगणवाडीत झाकण उघडून पेंटाची कुपी हलवली, तर आत काही हलेचना. गोठलेली लस वितळवून टोचता येत नाही, ती फेकायचीच. नऊच्या नऊ जणींना परत पाठवलं. एक आजी म्हणाली, "सुनेचा रोज बुडाला न वो बाई, अन् सुई बी नाई!" पुढचे दोन महिने त्या टोलीवर मला कोणी बसायला खाट दिली नाही.

तेव्हापासून केंद्रावर पोचले की आधी आइसपॅक टेबलावर काढते, मग रजिस्टर, मग चहा. पॅकला घाम फुटला अन् कानाशी धरून हलवल्यावर आत पाणी खळखळलं, तरच तो कॅरियरमध्ये जातो. "किती मिनिटं ठेवायचा ते सांगा ना मॅडम," म्हणणाऱ्या पोरींना मी आकडा सांगत नाही. जानेवारीतलं टेबल अन् मेमधलं टेबल सारखं नसतं. एक जण मला छातीठोकपणे म्हणाली, कुपीवरचा चौकोन वर्तुळापेक्षा फिका आहे, म्हणजे लस चांगली. तो चौकोन फक्त उष्णता दाखवतो. गोठल्याचं त्याला काही कळत नाही.

दुसरी चूक लोहाच्या गोळ्यांची. "गोळ्या घेता ना?" "हो." झालं, रजिस्टरवर टिक! गरोदर बाईला 180 गोळ्या द्यायच्या असतात, दिल्याही जातात. मला त्या तांदळाच्या डब्यात सापडल्या आहेत. मी "घेता का" असं विचारतच नाही. संडासचा रंग कसा होतो, ते विचारते. घेणारी लगेच "काळा" म्हणते, न घेणारी आशाताईच्या तोंडाकडे बघते. कितीतरी जणी काळ्या रंगाला भिऊनच गोळी सोडतात, काहींना वाटते लेकरू काळं होईल. म्हणून ते पहिल्याच भेटीत बोलून टाका. गोळी रात्री जेवल्यावर घ्यायला सांगा, मळमळ झोपेत निघून जाते. लगेच वर चहा नको. कॅल्शियमची गोळी सोबत नको.

अन् खरंच गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल, तर सिकलसेल आठवा, आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे काम करणारीला हे सांगावं लागू नये, पण लागते. सोल्युबिलिटी ही त्याची पहिली रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली की घरी जाऊन "आजार निघाला" सांगून मोकळं होऊ नका. ती वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या रक्ततपासणीनंच ठरते. एएस (वाहक) आणि एसएस (रुग्ण) यांतला फरक न सांगितल्यानं गावात पोरीचं जमलेलं लग्न मोडते.

बाकी पटापट सांगते. बीपीचा पट्टा झंपरच्या बाहीवरून बांधू नका. अन् गावातल्या झाडून सगळ्या गरोदर बायांचा बीपी 120/80 कसा, हा प्रश्न मला पडतो, तुम्हालाही पडू द्या. वजनकाट्याचा काटा शून्यावर आहे का, ते रिकामी झोळी टांगल्यावर बघा. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यातच, ग्लासात अर्धी-अर्धी नाही. एमआरची (गोवर-रुबेलाच्या लसीची) कुपी कालवली की तिच्यावर वेळ लिहा, चार तासांनी फेका. मागून आलेल्या लेकरासाठी राखून ठेवण्याची दया नको. कापूस वेचणीच्या दिवसांत अकरा वाजता गृहभेटीला जाऊन "घराला कुलूप" लिहिणारीवर तर मी चिडतेच. बाई वावरात असते, सकाळी सातला जा.

लस दिल्यावर अर्धा तास थांबवून ठेवा. बाया थांबत नाहीत, चूल पेटवायची आहे म्हणतात. मी तोवर त्यांचं कार्ड माझ्या मांडीखाली ठेवते.